शून्याचा रकाना

"आजोबा, सगळ्या पेशंटांत तुमचा निकाल एक नंबर आला," असं मिनल म्हणाली, तेव्हा जागेश्वरचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते आणि उजव्या हाताची चार बोटं सकाळपासून मेलेली होती.

मिनल म्हणजे धरमपेठेतल्या त्या दवाखान्यात फायली सांभाळणारी पोरगी. बोटांच्या रक्ताचा कसलासा अभ्यास तिथं तीन महिने चालला होता. पेशंटांनी घरी भरून आणलेल्या वह्यांमधले आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायचे, हे तिचं काम. इतकं सांगून ती काचेच्या दारामागे गेली, आणि जागेश्वरच्या पोटात एक मूर्ख आनंद उठला. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याचा कशातच नंबर आला नव्हता, कारण जिथे नंबर देतात तिथे तो कधी गेलाच नव्हता. तो आनंद त्यानं ताबडतोब दाबून टाकला. काय पण नंबर! खिशातल्या खिशात त्यानं अंगठ्यानं बोटं चाचपली. दुसऱ्या कोणाची तरी बोटं खिशात राहून गेल्यासारखी लागली. आणि वरून थंड वारा येत होता. थंडीनं ज्यांची बोटं पांढरी पडतात अशा माणसांना हिवाळ्यात बोलवायचं आणि एसीखाली बाकावर बसवून ठेवायचं, ही अक्कल शिकल्याशिवाय येत नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

"काय म्हणून राहिली ती पोरगी?" शेजारी बसलेल्या तुळजाबाईनं विचारलं.

"पयला नंबर आला म्हणे."

"कायचा?"

"बोटायचा."

"मंग पेढे वाटा," ती म्हणाली. "पण आधी स्वेटरचं बटन लावून देतो. उघडं टाकून बसले पयल्या नंबरचे."

तिनं पदराखालून हात काढला, घाईनं बटण लावलं आणि हात पुन्हा पदराखाली नेला. तिची ही सवय लग्नापासूनची. टिमकी मोहल्ल्यातल्या बायका तोंडावर हसायच्या की जागेश्वरची बायको हात झाकते जणू सोन्याचे आहेत. त्यालाही तो तिचा नखरा वाटायचा. नखरा करायला घरात होतं काय? एक हातमाग, एक चूल आणि त्या दोहोंच्या मधे फिरणारा मागाचा आवाज.

हा अभ्यास सुरू झाला नोव्हेंबरात. पोरीनं, अंजूनं, मोबाइलवर कुठंतरी वाचलं आणि बापाला मेट्रोत बसवून इथं आणलं. मेट्रोतही एसी. पुष्कर नावाच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं. तीस-बत्तिशीचा, गोरागोमटा, बोलताना पडद्याकडं पाहणारा. म्हणाला, काका, अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. कोणाला कोणती ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. जागेश्वर घरी येईपर्यंत मनात हसत होता. देणाऱ्याला माहीत नाही, खाणाऱ्याला माहीत नाही, आणि याला अभ्यास म्हणतात! शेजारचा भैय्याजी निदान जे देतो ते ठाऊक असून देतो. त्यानं जवसाचं तेल चोळायला सांगितलं, मग लसूण, मग कोणा बाबाचा दोरा. तिन्हीनं काही झालं नाही, पण प्रत्येक वेळी भैय्याजी छातीवर हात मारून म्हणाला होता की गुण येणार. डॉक्टरला तेवढीही छाती नाही. मौद्याच्या ठेकेदाराइतकीही नाही. मौद्याला वीजघराचं बांधकाम चालू असताना, मागाचं काम संपलेला जागेश्वर तिथं मजुरीला होता. ओल्या काँक्रीटमध्ये थरथरणारी नळी धरायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सुट्टी झाल्यावरही हातातली थरथर जायची नाही. पोळीचा तुकडा मोडताना हात आपोआप हलायचा. ठेकेदार म्हणायचा, हे काही नसते गा, दोन दिसात जाते. ती थरथर गेली आणि तिच्या जागी काही वर्षांनी हा पांढरेपणा आला. कोणत्या दोन दिवसांत, ते ठेकेदारानं सांगितलं नव्हतं.

त्या पहिल्या भेटीत पुष्कर डॉक्टरनं वही दिली होती. छापील, गुळगुळीत कागदाची. रोज तीन रकाने भरायचे. तारीख, बोटं किती वेळा पांढरी पडली, आणि किती दुखलं, शून्य ते दहा. वर गोल तोंडं काढली होती, शून्याचं तोंड हसणारं आणि दहाचं रडणारं. ती तोंडं पाहून जागेश्वरला राग आला. आपण काय बालवाडीत आलो? पण वही त्यानं दोन्ही हातांनी घेतली. छापलेल्या कागदाबद्दल त्याच्या मनात काय होतं, ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो समाजाच्या सभागृहातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला होता. शिकवायला प्रेमिलाताई होत्या, त्याच्या पोरीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांची एकच गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली. फॉर्म भरायला शिकवताना त्या म्हणायच्या, जे विचारलं तेवढंच लिहा, रकान्याबाहेर लिहू नका, रकान्याबाहेर लिहिलेलं कोणी वाचत नाही. त्याआधीच्या चोपन्न वर्षांत त्यानं जिथं तिथं अंगठा उठवला होता. विणकरांच्या सोसायटीत, रेशनच्या दुकानात, मौद्याच्या हजेरीत. शाईनं भरलेला अंगठा धोतराला पुसताना कारकून ज्या नजरेनं पाहायचा, ती नजर त्यानं जपून ठेवली होती. वर्गातून निघाल्यावर त्यानं अंगठा देणं सोडलं ते सोडलंच. सही करायचा तो मोठी, कान्यामात्र्यांसकट, जागेश्वर सोरते. आणि ज्यांना अंगठा द्यावा लागतो त्यांच्याकडे आता तोही त्याच नजरेनं पाहायचा. तुळजाबाईकडेसुद्धा.

तर त्यानं वही भरली. रोज, न चुकता, जे विचारलं तेवढंच. नोव्हेंबरात दिवसातून सहा-सहा वेळा बोटं जायची. नळाखाली हात धरला की जायची, दुधाची पिशवी उचलली की जायची. टोकाकडून पांढरी होत यायची, मग जांभळी, आणि रक्त परत आलं की कोणी बोटांत लाल मुंग्या भरून तोंड शिवलं असं व्हायचं. तेव्हा त्यानं सहा लिहिलं आणि दुखण्यासाठी आठ लिहिलं. गोळी रोज घेतली. डिसेंबर सरता सरता गंमत झाली. बोटं जायची, पण परत यायची घाई करीनात. एकदा सकाळी गेली की जेवणापर्यंत पांढरीच. परत येत नाहीत तर मुंग्याही नाहीत. मग किती वेळा? एक. आणि किती दुखलं? त्यानं बोट दातांत धरून पाहिलं, सुई टोचून पाहिली. काही नाही. जे आहे ते लिहायचं. त्यानं शून्य लिहिलं, गोल, कंपासनं काढल्यासारखं. लिहिताना पेन मुठीत धरावा लागला, तरी गोल काढलं. बोटं किती वेळ पांढरी राहिली, हा रकाना वहीत नव्हता. त्याला ते दिसलं होतं. पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं! आणि मनात त्याला गोडही लागलं होतं की एवढे शिकलेले, पण रकाना विसरले. आपण सांगायचं कशाला? विचारतील तेव्हा सांगू. आठ, सात, चार, दोन, शून्य, शून्य, शून्य. आता कळलं त्याला एक नंबर कुठून आला ते.

आणि कळल्याबरोबर त्याला भीती वाटली नाही, आधी हसू आलं, तुच्छतेचं. बाकावर समोर बसलेला एक माणूस हातमोजे घालून कण्हत होता. हा कण्हणारा नापास आणि आपण पास. मग स्वतःचं बोट आठवलं. उजव्या हाताची तर्जनी. आठ दिवसांपूर्वी तिच्या टोकाला राईच्या दाण्याएवढा काळा ठिपका आला होता. काल तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. तुळजाबाईनं तो पाहिला. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून, बोटाभोवती तीन वेढे देऊन, गाठ नखाच्या बाजूला घेऊन तिनं असं बांधलं की बोट दबलंही नाही आणि चिंधी सुटलीही नाही. इतकी सफाईदार गाठ तिच्या हातून पडलेली त्यानं मागावर कधी पाहिली नव्हती.

मागावर तर तिच्यावर तो नेहमी ओरडायचाच. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडायचा असतो, चिमटीत राख घेऊन, अंगठा आणि तर्जनीच्या मधे पिळून. हजारो धागे. जागेश्वर डोळे मिटून जोडायचा. त्याच्या तर्जनीला धागा दिसायचा, असं मोहल्ल्यातले म्हातारे म्हणायचे. तुळजाबाई दुसऱ्या टोकाकडून जोडत यायची, आणि माघातल्या सकाळी तिचे धागे हटकून सुटायचे. ती बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकायची. "माही बोटं गेली जी," म्हणायची. हा म्हणायचा, "गेली तं आणून घे." एकदा ती उठून चुलीजवळच्या गंजात, खळीच्या पातेल्यात, हात घालून बसली. खळ म्हणजे धाग्याला लावायची कांजी, नुकती उतरवलेली, वाफाळणारी. त्यानं गंज ओढून घेतला होता. "खळ धाग्याची आहे, तुह्या चोचल्यायची नाही." तिचे हात तसेच पुढे राहिले, टोकांशी मेणासारखे, आणि खळ मनगटावरून गळत होती. तेव्हा ती म्हणाली होती, भांडून नाही, उगाच कोणाला तरी सांगावं तसं, "दुखते तंवर काई भेव नाही. दुखनं थांबते ना, तवा भेव वाटते." काय बाई आहे, असं त्याला वाटलं होतं. दुखणं थांबलं तर माणूस हसते का घाबरते? अंगठाछाप बाईचं अंगठाछाप बोलणं. हे वाक्य चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात कुठं पडून होतं कोण जाणे. आता एसीच्या वाऱ्यात ते उठून बसलं.

"सोरते आजोबा, या आत," मिनलनं हाक मारली.

तुळजाबाई बाहेरच राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, तीन महिन्यांत एकदाही नाही. आत पुष्कर डॉक्टर खुर्ची फिरवून हसला. त्यानं पडदा जागेश्वरकडे वळवला. पडद्यावर एक निळी रेघ होती. डाव्या कोपऱ्यात उंच, मग उतरत उतरत तळाला येऊन पडलेली.

"ही तुमची रेघ, काका. एवढा फरक कोणालाच नाही. आठवरून शून्य! मी स्वतः दोनदा तपासलं. पुढच्या आठवड्यात बाहेरून डॉक्टर येतायत, त्यांना तुम्हाला भेटवायचंय. सांगाल ना कसं वाटतं ते?"

जागेश्वर रेघेकडे पाहत राहिला. तळाला ती सपाट पडली होती, सैल, कशालाच न ओढणारी. मागावर बसलेल्या माणसाला अशी एक रेघ पुरते. ताण्यातले सगळे धागे ओढ देत असतात, आणि जो एक ओढ देत नाही तोच तुटलेला असतो. तुटताना आवाज होत नाही, कापडही लगेच सांगत नाही. म्हणून विणकर पहिल्यांदा तो सैल धागा शोधतो, बाकीचे नंतर. हे त्याला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. आणि तोच माणूस पंधरा-वीस दिवस शून्यं काढत बसला होता, कंपासनं काढल्यासारखी, आणि त्यांच्या गोलाईवर खूश होता. डॉक्टरबद्दल जी तुच्छता त्यानं तीन महिने खिशात उबेसारखी बाळगली होती, ती उलटी फिरून त्याच्याच अंगावर आली. हा पोरगा तर कधी मागावर बसलेला नाही. याला कागद दिला, यानं कागद वाचला. आपल्याला काय झालं होतं?

"इथं फक्त सही करा," डॉक्टर म्हणाला. "की वही तुम्ही स्वतः भरली आणि खरी भरली."

जागेश्वरनं उजवा हात खिशातून काढला. मिनलनं दिलेला पेन धरायला गेला, तर पेन बोटांच्या मधून गेला आणि टेबलाखाली पडला. तिनं उचलून दिला. पुन्हा पडला. मुठीत धरून पाहिला, तर मूठ मिटेना. पेन तिसऱ्यांदा पडल्यावर मिनल गोड हसली, ड्रॉवर उघडला आणि निळ्या शाईचा डबा समोर सरकवला. "राहू द्या आजोबा, अंगठा चालतो."

अंगठा चालतो! त्यानं हाताकडे पाहिलं. चार बोटं मेणाची, आणि बाजूला अंगठा, लालसर, गरम, शहाणा. या दुखण्यानं अंगठ्याला हात लावला नव्हता. ज्या बोटांनी चोपन्नाव्या वर्षी काना आणि मात्रा गिरवल्या ती सगळी नेली, आणि ज्याची आयुष्यभर लाज वाटली तेवढा शाबूत ठेवला. पोरीच्या नजरेत कारकुनाची नजर नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. रागावून उठून जाता आलं असतं. सुटून जावं असं त्याला खरंच वाटलं. अंगठा द्यावा, एक नंबर घ्यावा, पुढच्या आठवड्यात बाहेरच्या डॉक्टरांसमोर स्वेटर घालून बसावं, आणि बोट जाईल तेव्हा जाईल. सगळे फसतील. तो धरून सगळे.

त्यानं शाईचा डबा बाजूला केला, टेबलावरून वाकला आणि ती चार बोटं डॉक्टरच्या मानेवर ठेवली, कॉलरच्या वर, कानाच्या खाली.

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकला. "अहो! काय करताय?"

"शून्य आहे ते," जागेश्वर म्हणाला. "वहीत लिवलं ते. कसं लागते पाहा."

डॉक्टरचा हात मानेवर गेला. मग तो उठला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं जागेश्वरचा हात हातात घेतला. नखं दाबली, सोडली. दाबलेली जागा पांढरीच राहिली.

"कधीपासून अशी आहेत?"

"सकाळी सातपासून."

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा होत होते. "रोज असं?"

"पंधरा-वीस दिस झाले."

"मग लिहिलं का नाही तुम्ही?"

"रकाना नव्हता," जागेश्वर म्हणाला. हे वाक्य त्यानं केव्हापासून तयार ठेवलं होतं. किती ऐटीत म्हणायचं तेही ठरलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते वर्गातल्या चुकलेल्या पोराचं वाटलं.  डॉक्टर चिंधीची गाठ सोडत होता. ती सुटल्यावर काळा ठिपका उघडा पडला. मिनलनं शाईचा डबा बंद केल्याचा तेवढा टक्क आवाज झाला.

"आज घरी जायचं नाही," डॉक्टर म्हणाला. आता तो पडद्याकडे पाहत नव्हता. "आजच भरती व्हायचं. बोट वाचतं का ते बघू. गोळीचं नंतर पाहता येईल." मग चिंधी उलटसुलट करत त्यानं विचारलं, "हे कोणी बांधलं? नर्सनं?"

"घरच्याईनं."

"त्यांना कसं माहीत असं बांधायचं? न दाबता?" त्यानं फाइल ओढली, पहिलं पान काढलं. "इथं तर लिहिलंय, घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का, नाही."

त्या 'नाही'चा काना आणि वेलांटी जागेश्वरला दुरून ओळखू आली. छान काढली होती. लिहिताना त्याला क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. घरात म्हणजे एवढंच. काचेच्या दारापलीकडे तुळजाबाई बाकाच्या कडेवर बसली होती, एसीच्या अगदी खाली, हात पदरात. तिथंच बसायला जागा होती, आणि तो स्वतः तिच्या अलीकडे, वारा कमी लागणाऱ्या जागी बसला होता.

तो उठला आणि दार ढकलून बाहेर गेला. "अवं, इकडे ये."

"झालं का? चला मंग, एकची मेट्रो भेटन."

"हात दाखव."

"कायले?"

"दाखव म्हणतो ना."

समोरचा हातमोजेवाला पाहायला लागला. मिनल दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे डॉक्टर. जागेश्वरनं वाकून तिच्या पदराखाली हात घातला आणि तिचा हात बाहेर ओढला. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं तो असा धरला नव्हता. त्याच्या चार बोटांना काहीच कळलं नाही. ती तिच्या बोटांवर लाकडासारखी टेकली. मग त्यानं अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला सगळं कळलं. टोकं आखडून बारीक झालेली, प्रत्येक टोकाला जुन्या जखमेचा खळगा, मधल्या बोटाला नखच नाही. सगळं बर्फासारखं.

"सोडा जी," तुळजाबाई दबक्या आवाजात म्हणाली आणि पदर ओढू लागली. "काय करून राहिले चार लोकायत. मले कुठी काई दुखते?"